राखून ठेवलेला नफा 1,190 कोटी, तरी कर्ज 410 कोटी: हा ताळेबंद वाचायचा कसा?

(चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ताळेबंद_नवा

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचा 2024-25 चा वार्षिक अहवाल वाचतोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आकडे स्टँडअलोन (उपकंपन्या न मिळवता) आहेत, कोटी रुपयांत आणि सोयीसाठी गोल केलेले.

भागभांडवल 20 (दर्शनी किंमत 2 रुपये, 10 कोटी शेअर). 'इतर इक्विटी' (भागभांडवल सोडून भागधारकांचा बाकी निधी) 1,840. त्यात सिक्युरिटीज प्रीमियम 310, जनरल रिझर्व्ह 260, रिटेन्ड अर्निंग्ज (राखून ठेवलेला नफा) 1,190, कॅपिटल रिझर्व्ह 15, कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह 5 आणि शेअर-गुंतवणुकीच्या बाजारभावातल्या वाढीचा रिझर्व्ह 60. वर्षाचा निव्वळ नफा 210. जाहीर लाभांश शेअरमागे 4 रुपये, म्हणजे 40. रोख आणि बँक शिल्लक 95. कर्ज 410, जे मार्च 2020 मध्ये 120 होतं.

अडलेल्या गोष्टी तीन. स्क्रीनरवर (कंपन्यांचे आकडे दाखवणारी वेबसाइट) 'रिझर्व्हज' म्हणून 1,840 दिसतात. राखलेला नफा 1,840 धरायचा की 1,190? दुसरं, मागच्या वर्षअखेरीस रिटेन्ड अर्निंग्ज 1,018 होते. 1,018 + 210 − 40 = 1,188 यायला हवेत, अहवालात 1,190 आहेत. 2 कोटी कुठून आले? आणि मुख्य प्रश्न: एवढा नफा राखून ठेवलाय तर कर्ज कशासाठी, आणि लाभांश इतका कमी का?

खतावणी

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच पानावर आहेत: ताळेबंदानंतर येणारं 'इक्विटीतील बदलांचं विवरण'. इंड-एएस (भारतीय लेखा मानकं) पाळणाऱ्या प्रत्येक कंपनीला ते द्यावं लागतं, आणि बहुतेक लोक नेमकं तेच पान उलटून पुढे जातात.

स्क्रीनरचा 'रिझर्व्हज' हा रकाना संपूर्ण इतर इक्विटीचा आहे. त्यातले 310 हे भागधारकांनीच दर्शनी किमतीवर मोजलेले जादा पैसे, कंपनीनं कमावलेले नाहीत. 60 हे न विकलेल्या शेअरच्या वाढलेल्या भावाचे. कॅपिटल रिझर्व्हचे 15 सहसा एखाद्या विलीनीकरणातून आलेले असतात. कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्हचे 5 बहुधा जुन्या बायबॅकचे: राखीव निधीतून शेअर परत घेतले की रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 69 प्रमाणे तिथे टाकावी लागते, आणि ती पुढे फक्त बोनस शेअर द्यायला वापरता येते.

जनरल रिझर्व्हचे 260 मात्र खऱ्या नफ्याचेच आहेत. 1956 च्या कंपनी कायद्याखाली भागभांडवलाच्या 20 टक्क्यांहून जास्त लाभांश द्यायचा तर वर्षाच्या नफ्यातले किमान 10 टक्के रिझर्व्हमध्ये वळवणं सक्तीचं होतं. 2013 च्या कायद्यानं ती सक्ती काढली, त्यामुळे जुन्या कंपन्यांत हा आकडा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. थोडक्यात, कंपनीनं कमावून राखलेला नफा म्हणून 1,190 + 260 = 1,450 धरा.

आता 2 कोटी. मार्च 2025 च्या वर्षासाठी सुचवलेला 4 रुपयांचा अंतिम लाभांश सर्वसाधारण सभेत मंजूर होतो, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. त्याची वजावटही तेव्हाच होते. 2024-25 मध्ये वजा झालाय तो 2023-24 चा लाभांश. तो शेअरमागे 3.50 असेल तर 35. उरलेला फरक बहुधा ग्रॅच्युइटीच्या फेरमूल्यांकनाचा आहे. तो नफा-तोटा पत्रकातल्या निव्वळ नफ्यात न येता खालच्या 'इतर सर्वसमावेशक उत्पन्ना'त जातो आणि तिथून थेट रिटेन्ड अर्निंग्जमध्ये. 1,018 + 210 − 35 − 3 = 1,190. विवरणात 3 कोटींची ओळ आहे का बघून सांगा.

ताळेबंद_नवा

आहे, उणे 3. लाभांशही 35 च. धन्यवाद.

मालसाठा

तिसऱ्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय: की 1,190 कोटी कुठेतरी ठेवलेले आहेत. ते ठेवलेले नाहीत. रिटेन्ड अर्निंग्ज ही ताळेबंदाच्या देय बाजूची नोंद आहे. आजवर किती नफा वाटला नाही एवढंच ती सांगते. त्या पैशाचं काय झालं ते मालमत्तेच्या बाजूला शोधायचं. मार्च 2020 आणि मार्च 2025 चे ताळेबंद शेजारी ठेवा आणि प्रत्येक ओळीतला फरक इथे टाका. सोबत पाच वर्षांचे नफे, दिलेले लाभांश, घसारा आणि व्याजही द्या.

ताळेबंद_नवा

वाढ अशी: स्थिर मालमत्ता, अपूर्ण कामं धरून, 480. येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) 240 वरून 500, म्हणजे 260. मालसाठा 150. उपकंपनीला दिलेलं कर्ज आणि तिच्यातली गुंतवणूक मिळून 110. रोख 30. पुरवठादारांची देणी 85 नं वाढली. विक्री 1,300 वरून 2,000.

नफा 2019-20 ला 110, नंतर 90, 130, 165, 185, 210. 2020-21 पासून दरवर्षी प्रत्यक्ष दिलेला लाभांश 15, 20, 25, 30, 35. पाच वर्षांचा घसारा 350, व्याज 120.

मालसाठा

आता सगळं दिसतं. पाच वर्षांचा नफा 780, लाभांश 125, राखले 655. नवं कर्ज 290, पुरवठादारांकडून 85. एकूण 1,030 आले. गेले कुठे? 480 + 260 + 150 + 110 + 30 = 1,030. ग्रॅच्युइटीचे किरकोळ आकडे सोडलेत. हा मेळ बसला नाही तर मध्ये विलीनीकरण, नवे शेअर किंवा पुनर्मूल्यांकन झालंय असं समजून टिपा उघडायच्या.

आता हेच रोखीच्या अंगानं मांडू. नफा 780, त्यात घसारा 350 आणि व्याज 120 मिळवा; येणी आणि मालसाठ्यात अडकलेले 410 वजा, देणीचे 85 अधिक. कामकाजातून रोख आली 925. नफा 780 आणि रोख 925 हे बघून अनेकजण खूश होऊन पुढे जातात. पण इंड-एएसच्या रोख प्रवाह पत्रकात उत्पादक कंपन्यांचं व्याज खाली 'वित्तपुरवठा' या भागात दाखवतात, त्यामुळे वरचा आकडा फुगलेला असतो. व्याज वजा करायलाच हवं. 925 − 120 = 805. यंत्रं-इमारतींवर खर्च 830, कारण निव्वळ वाढ 480 आणि झिजलेले 350. राहिले उणे 25.

म्हणजे धंद्यानं स्वतःचा विस्तारखर्चही पुरता भागवलेला नाही. वर 125 लाभांश आणि 110 उपकंपनीला. हे दोन्ही कर्जातून गेले. लाभांश कमी का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे; रोखीच्या हिशेबानं तो कमी नाही, जास्तच आहे.

दोषी ओळ येणीची. 2019-20 मध्ये 240 ÷ 1,300 × 365 = 67 दिवस. आता 500 ÷ 2,000 × 365 = 91 दिवस. 67 दिवसांवर वसुली टिकली असती तर येणी 367 च्या आसपास राहिली असती. 133 कोटी जास्तीचे अडकलेत, म्हणजे आजच्या कर्जाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. नफा मोजताना विक्री बिल फाडल्याच्या दिवशी धरली जाते, पैसे आल्याच्या दिवशी नाही. त्यामुळे रिटेन्ड अर्निंग्ज वाढत राहतात आणि बँकेत काही दिसत नाही. टिपांमध्ये येणीचा वयोगटवार तक्ता सक्तीचा आहे: सहा महिन्यांखालील, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनहून जुनी. वर्षावरचा रकाना वाढत असेल तर पुढे कधीतरी तरतूद येईल आणि ती याच 1,190 मधून जाईल.

वजाबाकी

वरचं विश्लेषण पैसा कुठे गेला ते सांगतं. तिथे जाऊन त्यानं काय कमावलं हे वेगळं तपासायला हवं. सोपी पद्धत: नफ्यातली वाढ भागिले राखलेला नफा. इथे 210 − 110 = 100, भागिले 655, म्हणजे 15.3 टक्के. छान दिसतं. पण 2019-20 हे वाहन उद्योगाचं मंदीचं वर्ष, बीएस-6 हे प्रदूषणाचे नवे निकष येण्याआधीचं. आधार खाली घेतला की उत्तर वर जातं. 2017-18 आणि 2018-19 चे नफे द्याल का?

ताळेबंद_नवा

120 आणि 140. 2019-20 मध्ये दिलेला लाभांश 15.

वजाबाकी

2018-19 आधार धरा: वाढ 70. सहा वर्षांत राखलेले 655 + 95 = 750. उत्तर 9.3 टक्के. एकच वर्ष मागे सरकलं आणि 15 चे 9 झाले. म्हणून दोन्ही टोकांना तीन वर्षांची सरासरी घ्यावी. 2017-18 ते 2019-20 ची सरासरी 123.3, 2022-23 ते 2024-25 ची 186.7, वाढ 63.3. मधली वर्षं 2018-19 आणि 2023-24. त्यांच्या दरम्यान, म्हणजे 2019-20 पासून 2023-24 पर्यंत, नफा 680, लाभांश 105, राखले 575. परतावा 11 टक्के.

यातही कर्जाचा हात आहे. 290 चं नवं कर्ज सुद्धा त्याच वाढीला लागलंय आणि श्रेय मात्र फक्त राखलेल्या नफ्याला जातंय. पाच वर्षांचे आकडे घेऊन दुरुस्त करायचं तर वाढीत करोत्तर व्याज परत मिळवा: 290 वर 9 टक्के म्हणजे 26, 25.17 टक्के कर वजा जाता 19.5. मग 119.5 भागिले 655 + 290, म्हणजे 12.6 टक्के. 15.3 आणि 12.6 मधला फरक कर्जाचा. मंदीच्या वर्षाचा फायदा तर अजून या 12.6 मध्येही आहेच.

10 वर्षांच्या सरकारी रोख्यावर 2024-25 मध्ये साधारण 6.5 ते 7 टक्के मिळत होते. सुट्या भागांच्या धंद्यातली जोखीम घेऊन 11 मिळत असतील तर राखून ठेवणं चूक नाही, पण कौतुक करावं असंही नाही. तुलना करताना करही धरा: 1 एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या कराच्या टप्प्यानुसार कर बसतो. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती 100 चे 70 च्या आत येतात. कंपनीकडे राहिलेले 100 पूर्ण कामाला लागतात. प्रवर्तक लाभांशाबाबत हात आखडता घेतात त्यात याचाही वाटा असतो.

वॉरन बफेट यांच्या बर्कशायर हॅथवेची जी प्रसिद्ध कसोटी आहे, राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे निदान एक डॉलर बाजारमूल्य वाढावं, ती मी इथे लावणार नाही. 2020 च्या मार्चमध्ये बाजार कोसळलेला होता. तिथून मोजलं तर वाईट कंपनीही पास होते.

कलम_123

वर 1,450 हा आकडा आला तो कमावलेला नफा म्हणून बरोबर आहे. पण तो सगळा वाटता येतो असं समजू नका.

पहिली चाळणी 'मुक्त राखीव निधी'ची, कलम 2(43). न विकलेल्या मालमत्तेवरचा कागदी नफा, पुनर्मूल्यांकन, बाजारमूल्यानं मोजल्यामुळे दिसणारी वाढ हे त्यात येत नाही. रिटेन्ड अर्निंग्जमध्येही असा नफा मिसळलेला असतो, कारण म्युच्युअल फंड युनिटचा न वसूल झालेला फायदा नफा-तोटा पत्रकातूनच जातो. ज्या कंपन्यांकडे खूप फंड-गुंतवणूक आहे तिथे हे तपासा. सिक्युरिटीज प्रीमियम लाभांशाला कधीच चालत नाही. बोनस शेअर, बायबॅक, शेअर काढण्याचा खर्च असे त्याचे मोजके उपयोग कलम 52 मध्ये दिलेत.

दुसरी चाळणी तोट्याच्या वर्षाची. नफा नसेल किंवा अपुरा असेल आणि आधी रिझर्व्हमध्ये वळवलेल्या नफ्यातून लाभांश द्यायचा असेल तर 2014 च्या लाभांश नियमांतला नियम 3 लागतो. लाभांशाचा दर मागच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त नको. काढलेली रक्कम भागभांडवल अधिक मुक्त निधी यांच्या एकदशांशाहून जास्त नको. त्यातून आधी चालू वर्षाचा तोटा भरायचा. उरलेला निधी भागभांडवलाच्या 15 टक्क्यांखाली जायला नको. तुमच्या कंपनीत एकदशांश म्हणजे (20 + 1,450) ÷ 10 = 147. पण 3, 3.50 आणि 4 रुपयांची सरासरी 3.50, म्हणजे मर्यादा 35 कोटींवरच येते. दराची अट आधी आडवी येते, बाकीच्या नावापुरत्या.

आता जनरल रिझर्व्ह आणि रिटेन्ड अर्निंग्ज यांतला फरक. नियमातले शब्द 'मुक्त निधीत वळवलेला' नफा असे आहेत. जो नफा कधी कुठे वळवलाच नाही, रिटेन्ड अर्निंग्जमध्येच राहिला, तो कलम 123(1) मधला 'मागील वर्षांचा न वाटलेला नफा', आणि त्याला नियम 3 लागत नाही असा प्रचलित अर्थ आहे. त्यामुळे कंपन्या आता आपण होऊन जनरल रिझर्व्हमध्ये फारसं काही टाकत नाहीत. हिंदुस्तान झिंकनं 2023 मध्ये 10 हजार कोटींहून जास्त रक्कम जनरल रिझर्व्हमधून रिटेन्ड अर्निंग्जमध्ये आणण्याची योजना मांडली. अशी घोषणा दिसली की पुढे मोठ्या लाभांशाची वाट मोकळी केली जातेय असं वाचायला हरकत नाही. मग तो लाभांश रोखीतून येणार की कर्जातून हे मालसाठा यांनी दाखवलं तसं बघायचं.

उलट बाजू: रिटेन्ड अर्निंग्ज उणे असतील तर मागचा तोटा भरून निघेपर्यंत नव्या नफ्यातून लाभांश नाही. नव्या इंटरनेट कंपन्यांत हे नेहमीचं. 'रिझर्व्हज' हजारो कोटींचे दिसतात आणि ते जवळजवळ सगळे प्रीमियमचे असतात, आत साठलेला तोटा. एखाद्या वर्षी उणे आकडा अचानक शून्यावर आला तर कमाई झाली असं समजू नका. प्रीमियमसमोर तोटा खोडण्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाकडून (एनसीएलटी) भांडवल-कपात मंजूर करून घेतली आहे का ते पाहा.

बँकांचं गणित निराळं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे नफ्यातले 25 टक्के वैधानिक राखीव निधीत जातात, बिगर-बँक वित्त कंपन्यांत 20. केंद्र सरकारच्या कंपन्यांना उलटीकडून रेटा आहे: 2024 च्या सूचनांनुसार नफ्याच्या 30 टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या 4 टक्के, यांत जास्त असेल तेवढा किमान लाभांश. तिथे राखलेल्या नफ्यावरून व्यवस्थापनाचं शहाणपण जोखण्यात अर्थ नाही.

मुदतठेव

एक भर. रोख जास्त दिसली तरी निश्चिंत होऊ नका. सत्यम या आयटी कंपनीत अध्यक्षांच्या जानेवारी 2009 च्या कबुलीनुसार पुस्तकातल्या 5,361 कोटींच्या रोख-बँक शिल्लकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. खोटा नफा दाखवला की रिझर्व्ह वाढतो, आणि ताळेबंद जुळवायला समोर काहीतरी खोटं ठेवावंच लागतं. साधी चाचणी: वर्षाचं व्याज-उत्पन्न भागिले वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या शिल्लकीची सरासरी. ठेवींचे दर 6-7 टक्के असताना 2 टक्के निघत असतील तर पैसे एकतर चालू खात्यात पडलेत, किंवा फक्त वर्षअखेरीस दिसतात, किंवा नाहीत. सत्यमनं तर 376 कोटींचं खोटं, अजून येणं असलेलं व्याजही दाखवलं होतं, म्हणून व्याज खरोखर हाती आलं का, हे रोख प्रवाह पत्रकातल्या 'मिळालेलं व्याज' या ओळीशी ताडून पाहा.

ताळेबंद_नवा

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. राहिली ती उपकंपनी. एकत्रित ताळेबंदात रिटेन्ड अर्निंग्ज 1,105 आहेत, म्हणजे स्टँडअलोनपेक्षा 85 नं कमी. उपकंपन्या मिळवल्यावर आकडा वाढायला नको का?

खतावणी

कमी आहे याचा अर्थ उपकंपनी तोट्यात आहे, किंवा तिनं आजवर मिळवलेल्यापेक्षा जास्त गमावलंय. स्टँडअलोन ताळेबंदात तिच्यातली गुंतवणूक सहसा मूळ किमतीला बसून असते, तोटा तिथे दिसत नाही. एकत्रित ताळेबंदात तो ओळीनं येतो.

लाभांश कायद्यानं स्टँडअलोन नफ्यातूनच द्यायचा असल्यामुळे त्या प्रश्नाला 1,190 चा आकडा लागू. कंपनीची किंमत ठरवताना मात्र 1,105 घ्या. उलट परिस्थितीही असते: उपकंपन्यांकडे भरपूर राखलेला नफा, पण त्या लाभांश वर पाठवत नाहीत, म्हणून मूळ कंपनीकडे वाटायला काही नाही.

तुमच्यासाठी पुढची पायरी एओसी-1. संचालकांच्या अहवालाला किंवा आर्थिक पत्रकांना जोडलेला हा तक्ता असतो. त्यात प्रत्येक उपकंपनीचं भांडवल, रिझर्व्ह, उलाढाल आणि नफा-तोटा वेगळा दिलेला असतो. तिथे रिझर्व्ह उणे 85 च्या आसपास दिसला तर संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपेत तीन गोष्टी बघा: 110 पैकी कर्ज किती आणि भांडवल किती, व्याज दर काय (कलम 186 प्रमाणे तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा कमी चालत नाही), आणि ते व्याज रोखीनं आलं की कर्जातच मिळवत गेले. व्याज मिळवत जात असतील तर मूळ कंपनीच्या 210 च्या नफ्यात असंही उत्पन्न आहे जे तोट्यातली उपकंपनी कधी देईल सांगता येत नाही. त्या गुंतवणुकीवर घसरणीची तरतूद झाली आहे का, आणि ऑडिटरनं आपल्या अहवालात हा विषय 'महत्त्वाची लेखापरीक्षण बाब' म्हणून घेतलाय का, तेही पाहा. आकडे मिळाले की इथेच टाका.